तीन आठवड्यांत धावती लिपी

१ मार्च, सकाळी ६.१०
शाओशिंगच्या वसंत प्रदर्शनाचा अर्ज भरला. विभाग : धावती लिपी, म्हणजे कुंचल्याने वेगात, एकमेकांत ओवून लिहिलेली चिनी अक्षरं. मुदत २२ तारीख. प्रदर्शनात ज्यांची कामं लागतील त्यांच्यातून फान गुरुजी एकच शिष्य घेतात. तो मी. मग फुलचक्रांच्या दुकानाला रामराम. सहा वर्षं पांढऱ्या पट्ट्यांवर मयतांची नावं लिहितोय, एक रेघ चुकलेली नाही. शाळा नववीत सुटली, अक्षर सुटलं नाही.
वेळापत्रक आखलं, पट्टीने. पहिला आठवडा हान राजवटीचा काळ, दुसरा जिन, तिसरा तांग. ही लिपी घडायला आठ-नऊशे वर्षं लागली. पूर्वी लोकांकडे वेळापत्रक नव्हतं.

४ मार्च
हान काळातले कारकून घाईत लिहायचे, त्यातून ही लिपी निघाली. म्हणजे मूळ आमच्यासारख्यांचीच. फक्त घाई जमत नाहीये. एका अक्षराला चार मिनिटं. आई म्हणाली, तेवढ्यात मासा वाफवून होतो. दुर्लक्ष केलं. घाई रविवारपासून.

९ मार्च
जिन काळ. आता अक्षरं एकमेकांत ओवायची. बाहेरच्यांना वाटतं, कसंही फिरवलं की झालं. तसं नाही. प्रत्येक अक्षराचं आखूड रूप ठरलेलं आहे. मनाने वळण दिलं तर ते दुसरंच अक्षर होतं. आठशे रूपं पाठ केली, चूक शून्य. पण प्रत्येक जोडापाशी मी थांबतो, आणि थांबलो की शाई पसरते. दोष कागदाचा.
दुकानात एक पट्टी धावत्या लिपीत लिहिली. मालकीण यांबाई म्हणाल्या, "मेलेल्याला घाई नसते, ताओ. नीट लिही." त्यांना कलेतलं कळत नाही.

१५ मार्च
तांग. उन्मत्त लिपी. तेव्हाचे उस्ताद पिऊन, आरडाओरडा करत भिंती रंगवायचे. अर्धी वाटी पिवळी दारू मोजून घेतली. दहा मिनिटं घड्याळ पाहिलं. उन्माद आला नाही, झोप आली. ओरडूनही पाहिलं, बेताने. वरच्या मजल्यावरून विचारणा झाली, कोणी पडलं का.

२१ मार्च
जमलं. कुंचला वेगात ओढला की रेघेत कोरड्या पांढऱ्या फटी राहतात. रसिक त्यांच्यावरच भाळतात. मी त्या अगदी बारीक कुंचल्याने एकेक करून रेखाटल्या. जिथे रेघ लटपटली तिथे दुसरा हात दिला. लिहिलेली रेघ पुन्हा गिरवायची नसते, मान्य. पण कळतंय कोणाला. लांबून वादळ वाटतं. एकूण अकरा तास.

२४ मार्च
फान गुरुजींनी स्वतः बोलावलं. चांगलं लक्षण.
त्यांनी काम समोरून पाहिलंच नाही. उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं. शाई आरपार उतरते. जिथे जिथे गिरवलं होतं तिथे मागून काळा डाग. त्यांचे जुने शिष्य बाजूला उभे होते. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं.
गुरुजी म्हणाले, "ही धाव नाही, पोरा. धावणाऱ्या माणसाचं चित्र आहे."
मग माझा अर्ज काढून विचारलं, हा कोणी भरला. मीच, म्हणालो. त्यातलं साधं अक्षर ते बराच वेळ निरखत बसले. धावती लिपी बघायला येणाऱ्यांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक कामाखाली तोच मजकूर साध्या अक्षरात चिठ्ठीवर लावतात. एक्केचाळीस चिठ्ठ्या. लिहिशील का, म्हणाले. विचार करतो, असं सांगायचं ठरवलं होतं. हो म्हणालो.
ही शिष्याची पहिली पायरी असावी. विचारलं नाही.

८ एप्रिल, संध्याकाळ
उद्घाटन झालं. शिष्य म्हणून एका निवृत्त बस कंडक्टर बाईंना घेतलं. वय साठ. त्यांचं काम अर्ध्या मिनिटात लिहिलेलं दिसतं. एक रेघ सरळ कागदाबाहेर गेली आहे आणि त्यांनी ती तशीच ठेवली. तिथे कितीतरी वेळ उभा राहिलो. चिठ्ठी माझी आहे. निर्दोष.
आई मावशीला घेऊन आली होती. चारही भिंतींवर माझं नाव शोधलं. चिठ्ठ्यांवर नाव नसतं. माझं साधं अक्षर तिला ओळखू येत नाही. अपशकुन नको म्हणून ती आमच्या दुकानात कधी पाऊल टाकत नाही. त्या बाईंच्या कामाखालची चिठ्ठी तिने बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली.
"वरचं काही कळलं नाही बाई," ती मावशीला म्हणाली. "पण हे खालचं बघ. किती सुरेख." मग माझ्याकडे वळली. "हे कोणी लिहिलंय त्याला विचार ना, तुला शिकवतो का."
विचारतो, म्हणालो.