बोट, तिचा तळ आणि माझ्या माघारीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फेरीबोट चालवणे, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, कानाने कमी ऐकू येत असले तरी डोळे नीट आहेत, आणि कोणी दटावून किंवा गोड बोलून मला हे लिहायला लावलेले नाही. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर "काळजी करू नका" असे पुन्हा पुन्हा सांगू लागले, म्हणून आजच लिहायला बसलो.

१. राहते घर, वरच्या खोलीसह, माझ्या वहिनींना, म्हणजे दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नीस द्यावे. मी लग्न केले नाही, पण घर मला कधी रिकामे लागले नाही, ते त्यांच्यामुळे. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मी दुरुस्त करत नाही, हे त्यांनी मला रोज ऐकवले आहे. आता घर त्यांचे, कडीही त्यांची.

२. बोट माझ्या पुतणीला, म्हणजे याच वहिनींच्या मुलीला द्यावी. का, ते लिहिणे भाग आहे.

आमची लाकडी बोट भावाने आणि मी जुनीच घेतली होती. जुनी बोट बहुधा फळ्यांतून गळत नाही. जिथे धातू लाकडातून पाण्यात उतरतो तिथे गळते. बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचा दांडा, सुकाणूचा दांडा, आणि इंजिन थंड ठेवायला बाहेरचे पाणी आत घेणारी पितळी तोटी. ही तोटी ठोक्याने बसवली होती. ठोक्या म्हणजे धक्क्यावरचा आमचा इंजिन मिस्त्री. कुठलीही वस्तू आधी ठोकून बघतो, म्हणून हे नाव. तोटीभोवती ओल दिसू लागली तेव्हा मी म्हणालो, खोलून पुन्हा बसव. त्याने फट बुजवायच्या जुन्या सीलंटवरच नवा थर फासला आणि म्हणाला, "आता वर हत्ती उभा कर, हलायची नाही."

हत्ती नव्हता, तरी हलली. बोट प्रवाशांनी भरलेली, दोन्ही काठ लांब, आणि तो थर सालीसारखा सुटून तोटीच्या कडेने पाणी आत येऊ लागले. भाऊ सुकाणूवर, मी पंपावर. वहिनी त्या दिवशी सहज बाजाराला निघाल्या होत्या. त्यांनी अंगावरची शाल काढली, त्या फटीत कोंबली आणि वर टाच रोवून तळातच बसल्या.

एका बाईने विचारले, "अहो, बाकावर जागा आहे की! खाली कशाला बसलात?"

"मला इथे गार वाटतं," वहिनी म्हणाल्या, आणि पलीकडे पोचेपर्यंत त्या बाईच्या सुनेपासून गुडघ्यांपर्यंत सगळ्याची चौकशी करून मोकळ्या झाल्या. उतरताना एकाही प्रवाशाला कळले नाही. वहिनींचा पाय मात्र काळानिळा पडला होता. भाऊ तो मांडीवर घेऊन चोळत होता आणि हुंदके देत होता.

"विकून टाकू हिला," भाऊ म्हणाला.

"का म्हणून? मी बुडले नाही, ती बुडली नाही. भोक बुजवा आणि चला घरी."

बोट काठावर ओढून घेतली. ठोक्याशी मी बोलणे टाकले होते. एका सकाळी पाहतो तर हा आपणहून बोटीखाली आडवा झालेला, तोटी खोलतोय. मी दिवा धरला. जुना थर लाकूड दिसेपर्यंत खरवडला, लाकूड पुरते वाळू दिले, कुजलेला तुकडा कापून नवा बसवला, मग सीलंट. बोल्ट आधी हलके आवळले, थर आळल्यावर पुन्हा. दांड्यांचेही तसेच केले. इतके दिवस एका दिव्याखाली काम, आणि तोंडातून एक शब्द नाही. शेवटचा बोल्ट झाल्यावर तो म्हणाला, "वहिनींना विचार, पाय कसा आहे."

"तूच विचार," मी म्हणालो.

तो घरी गेला तो जेवूनच परतला. अबोला तिथे संपला. हत्तीचा विषय मात्र मी अजून काढतो.

आता पुतणी. गेल्या वर्षी सुकाणूच्या दांड्यापाशी पाणी झिरपू लागले. माझ्याने वाकवत नव्हते. मी म्हटले, "वरून थोडं फास गं, चालून जाईल."

ती बोटीखालून म्हणाली, "काका, आईला पुन्हा खाली बसवायचंय का?" आणि तिने सगळे खोलले.

म्हणून बोट तिची. पंख्याच्या दांड्याभोवती पाणी अडवणारी पॅकिंग तिने फार आवळू नये. दांडा फिरताना अधूनमधून थेंब पडलाच पाहिजे, नाहीतर तो तापून झिजतो. प्रवासी थेंब दाखवून ओरडतील, ओरडू देत. भंगारवाल्याला दारात उभे करू नये. माझ्या नातेवाइकांपेक्षा तोच माझ्या तब्येतीची जास्त चौकशी करतो. मात्र पुढे तिलाच बोट नकोशी झाली, तर खुशाल विकावी. माझ्यासाठी मन मारून पाण्यावर राहू नये.

३. माझी सर्व हत्यारे, पाने आणि हातपंप ठोक्या मिस्त्रीला द्यावेत.

वरील कलम तीन रद्द. कारण असे: दुसरा साक्षीदार आला नाही, तेव्हा भेटायला आलेला ठोक्या म्हणाला, "मी करतो सही." हा कागद तपासायला आलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला यात हत्यारं मिळतायत. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये." ठोक्या म्हणाला, "हत्यारं माझी मला आहेत, बाई. ती खोडा. याच्या कागदावर मला सही करू द्या." मी खूप समजावले, ऐकेना. हत्यारे पुतणीला द्यावीत.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, जे ऐकू आले नाही ते स्वतः वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: राहते घर, खालची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.

सही: बोटवाला

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी
साक्षीदार दुसरा: इंजिन मिस्त्री (सही दोनदा केली आहे. पहिल्या वेळी पेन आधी कागदावर ठोकून बघितले, डाग पडला.)