आईचा थकवा आणि दादा

बुधवार, संध्याकाळ

आईचा थकवा कॅन्सरचाच आहे, झोपेने जाणारा नाही, तिला झेपेल तेवढंच करू द्या, असं डॉक्टरांनी आज स्पष्ट सांगितलं. दादा शेजारीच उभा होता. तरी घरी आल्याबरोबर म्हणाला, "आई, ही नौटंकी बस झाली आता. शेजारच्या काकू ऐंशीच्या आहेत, पण रोज अन्नपूर्णा मंदिरापर्यंत पायी जातात."

आई हसली. "त्यांना देवाने पाय दिलेत. मला मुलगा दिलाय."

दादाही हसला. त्याला टोमणा कळला नाही? की कळूनही हसला?

उद्या सकाळी तो तिला फिरायला नेणारच आहे. साडी नेसताना दम लागतो, म्हणून उद्याची साडी आई आत्ताच नेसून झोपली आहे.