टाकीतलं पाणी

प्रिय धाकट्या,

तुझा फोन दोनदा वाजून गेला. मी मुद्दामच उचलला नाही. बोलायला लागले की आवाज दगा देतो, म्हणून लिहितेय.

बाबांनंतर बेटावरच्या अग्निशमन केंद्राचं प्रमुखपद माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा तू खूप हसला होतास. पगार नाही, सुटी नाही. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं. अजून तसंच आहे. न्हावी अर्धी दाढी सोडून धावतो आणि गिऱ्हाईक साबण पुसत त्याच्या मागून, कारण तोही आमच्यातलाच. मास्तरांचं पोट आता बंबाच्या स्टिअरिंगला टेकतं, पण दुसऱ्या कुणाला ते गाडीला हात लावू देत नाहीत.

मंगळवारी दुपारी सुताराच्या कारखान्यात भुसा पेटला. आम्ही पोचलो तोवर छप्पर गेलेलं. सुतार बाहेर उभा होता, भाजलेला हात पोटाशी धरून. वारा सुटला होता. त्यात ओहोटी, समुद्र पंपाच्या नळीच्या आवाक्याबाहेर गेलेला. हाताशी होतं ते बंबाच्या टाकीतलं पाणी. कारखान्याच्या एका अंगाला सुईणबाईंचं घर, आत त्यांचे अंथरुणाला खिळलेले यजमान. दुसऱ्या अंगाला कोणाचं घर, ते तुला सांगायला नको.

दोन्ही छपरांवर ठिणग्या पडत होत्या. न्हावी नळी धरून नुसता माझ्याकडे बघत राहिला. बाबांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. त्याला विचारायचा धीर होईना. शेवटी मास्तर म्हणाले, "ताई, थोडं इकडे, थोडं तिकडे मारूया का?"

तसं केलं असतं तर दोन्ही गेली असती.

"सगळं सुईणबाईंच्या घरावर," मी म्हणाले.

यजमानांना गादीसकट बाहेर काढलं. कवळी आत राहिली म्हणून ते कुरकुरत होते. घराची एक भिंत काळवंडली, बाकी उभं आहे. मागे तुळई कोसळल्याचा आवाज आला तेव्हा मी वळून पाहिलं नाही. नळीवर माझाही हात हवा होता.

दुसऱ्या दिवशी सुईणबाई आल्या. आभार मानायला आल्या असाव्यात, पण माझ्या केसांतली राख काढत बसल्या. तेव्हा मात्र मी रडले.

पत्र नावाड्याच्या हाती देतेय, त्याला तोंड उघडू नकोस म्हणून बजावलंय. माझ्याकडूनच ऐक: आपलं घर राहिलं नाही. मुलाबाळांना घेऊन कायमचा परत येईन म्हणत होतास, ते त्याच घराच्या भरवशावर. ते मी जळू दिलं. पुन्हा तीच वेळ आली तरी तेच सांगेन, म्हणून माफी मागत नाही. पण घर तुझंही होतं, आणि तुला विचारायला सवड नव्हती. रागावणार असशील तर इथे ये, समोर बसून रागाव. मी केंद्राच्या वरच्या खोलीत राहतेय. तुझ्यासाठी खाट टाकून ठेवली आहे.

वाट बघणारी,
तुझीच ताई