जाफरभाईंच्या बदल्यात

नेरूळ, सेक्टर सहा
७ जानेवारी १९९६

तीर्थस्वरूप दाजी यांस,

मधुकरचा साष्टांग नमस्कार. आपण धाडलेली काकवीची बरणी न फुटता पोचली, हे या पत्रातलं पहिलं आणि बहुधा शेवटचं शुभवर्तमान समजावं. आपलं पित्त कसं आहे? ताईची कंबर? (स्मिता म्हणते, दाजींनी थंड दूध घेऊनच पुढचं वाचावं.) संक्रांत तोंडावर आली आहे, म्हणून तिळगूळ सोबत पाठवतो. गोड बोलण्याची अट या वर्षी दोन्ही घरांनी पाळावी, ही विनंती.

आता सुयशच्या नोकरीचं. आपलं म्हणणं असं, की महाप्याच्या आमच्या पंपांच्या कंपनीत कबड्डीच्या संघासाठी एक कायम जागा निघाली आहे, मी पर्सोनेलमध्ये आहे, संघाचा मॅनेजरही मीच, आणि आपल्या चिरंजीवांची चढाई अख्ख्या वाळवा तालुक्यात गाजते आहे, तर मग अडतंय कुठे? दाजी, खरं सांगायचं तर कुठेच अडत नव्हतं. मी सुयशचं नाव मोठ्या शेठच्या कानावर घातलं होतं, शेठने मानही हलवली होती. (ते मान कशालाही हलवतात, पण यावेळी थोडी जास्त हलवली होती.) सगळं अडलं ते अमेरिकेमुळे.

झालं असं की या उदारीकरणात आमच्या कंपनीनेही एका अमेरिकन कंपनीशी सोयरीक केली, आणि पंप कसे करावेत हे शिकवायला तिकडून वॉल्टर नावाचे साहेब येऊन राहिले. एकदा दुपारच्या सुट्टीत त्यांनी आमच्या पोरांचा सराव पाहिला आणि पंप राहिले बाजूला. त्यांच्याकडेही म्हणे असाच एक खेळ आहे. त्याला फुटबॉल म्हणतात, पण पायाचा संबंध फार थोडा. चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि बाकीच्यांनी येऊन अंगावर पडायचं. (आपल्या गुऱ्हाळावरून गूळ पळवणाऱ्या पोराला गडी धरतात, तसंच.) तिथे दर वर्षी कॉलेजांतली होतकरू पोरं निवडीला ठेवतात आणि संघ ती पाळीपाळीने उचलतात. मागल्या वर्षी जो संघ तळाला, त्याची पाळी पहिली. आमचा संघ तळाशी मुक्कामालाच असतो, त्यामुळे हे ऐकून शेठना आमचा प्रथमच अभिमान वाटला. पण एखाद्याला कोवळं पोर नको, मुरलेला गडी हवा असेल, तर त्याने आपली पाळी दुसऱ्या संघाला द्यायची आणि त्यांचा गडी घ्यायचा. किंवा गड्याला गडी, अशी सरळ अदलाबदल करायची. यात त्या गड्याला कुणी विचारत नाही. सकाळी उठून पेपरात वाचतो म्हणे, की आजपासून आपण दुसऱ्या गावचे.

मग शेठच्या केबिनमध्ये बैठक बसली. विषय, कोवळा घ्यावा की मुरलेला. मी सुयशचीच बाजू मांडायला उभा राहिलो होतो, आईशपथ. पण वॉल्टरसाहेबांनी मध्येच विचारलं, की हा मुलगा तुमचा कोण? भाचा, म्हणालो. त्यावर ते नुसतं ‘आय सी’ म्हणाले. दाजी, ते ‘आय सी’ आपण ऐकायला हवं होतं. आपल्या घराण्याला वशिल्याचा डाग नको, म्हणून मी दुसरी बाजूही जराशी मांडली. म्हणालो, कोवळी पोरं तालुक्यात चमकतात आणि शहरात आली की वडापाव खाऊन सुस्तावतात. मुरलेला गडी पळत नाही, पण पुढचा कुठे पळणार हे त्याला आधी कळतं. हे सगळं इंग्रजीत बोलत होतो, त्यामुळे कुठे थांबावं ते सुचेना. बैठक संपली तेव्हा माझं म्हणणं सर्वांना पटलं होतं, एकट्या मला सोडून.

मुरलेला गडी म्हणजे जाफरभाई. तळोज्याला आमच्या शेठच्या धाकट्या भावाची रंगांची कंपनी आहे, तिच्या संघात ते डावा कोपरा सांभाळायचे. (दोघे शेठ सख्खे भाऊ. वाटण्या झाल्यापासून बोलत नाहीत, वर्षातून एकदा कबड्डीच्या मैदानावर एकमेकांकडे बघतात.) वय चाळिशीपार, पोट सुटायला लागलेलं, चष्मा सामन्यापुरता काढून ठेवतात. पण चढाईला आलेल्याचा घोटा एकदा त्यांच्या हाती लागला, की तो घोटा नंतर आठवडाभर मालकालाही ओळख देत नाही. त्यांना मागायला शेठने मलाच तळोज्याला धाडलं. धाकट्या शेठने चहा पाजला, साहेबांच्या फुटबॉलची हकीकत ऐकली, आणि सौदा ठरला. बदल्यात काय दिलं, तो तपशील इथे महत्त्वाचा नाही. जाफरभाईंना सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. ते रंगाचा डबा खाली ठेवून म्हणाले, ‘मधूभाव, सगली उमर हितं गेली. मना कोनी इचारलाच नाय.’ मी त्यांची समजूत काढली, की अमेरिकेत असंच करतात. दुसरं काय सांगणार?

तर जाफरभाई आले, ती एकुलती एक जागा त्यांना गेली, आणि आमचा संघ आता कुणाला ऐकत नाही. सुयशने निराश होऊ नये. बी.ए. पुरं करावं, शेती बघावी, शेतीसारखं सुख नाही. (हे मी नेरूळच्या तिसऱ्या मजल्यावरून लिहितो आहे, याची मला कल्पना आहे.) खेळात अनुभव हाच खरा, हे माझं ठाम मत आहे. ताईने राग धरू नये. स्मिताचा आपणा दोघांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
मधुकर

ता. क. बदल्यात काय दिलं, ते लपवणं बरं नाही. आमची पोरं धाकट्या शेठला फुकटही नको होती. त्यांनी आमची माल उचलायची गाडी, फोर्कलिफ्ट, मागितली. शेठ फोनवर म्हणाले, फोर्कलिफ्ट मिळणार नाही. बोलणी फिसकटत होती, म्हणून मी उदारपणे म्हणालो, ऑफिसातलं हवं ते मागा. त्यावर धाकट्या शेठने माझ्याकडे नीट पाहिलं आणि दुसरा चहा मागवला. (स्मिता म्हणते, दुसरा चहा आला तेव्हाच उठायला हवं होतं.) एक तारखेपासून मी तळोज्याला आहे. दाजी, फोर्कलिफ्ट सोडायला शेठ तयार नव्हते, मला सोडताना त्यांनी मान हलवली. फार लागलं हो मनाला.

पुन्हा ता. क. खरं काम आता लिहितो. तळोज्याच्या ऑफिसचा हिशेब सरळ आहे. खेळाडू गेला, त्याच्या बदल्यात आला तो खेळाडू. त्यामुळे संघाच्या डाव्या कोपऱ्यात माझं नाव लागलं आहे. मी परोपरीने समजावलं, पण तिथले हेडक्लार्क गंगारामपंत म्हणतात, जागा कबड्डीची आहे, खरा खेळाडू आणून द्या, मग तुम्हाला टेबल देतो. निळी चड्डी मिळाली आहे, ती गुडघ्याच्या वर अडते. मी धाकट्या शेठना सुयशबद्दल सांगितलं. भाचा म्हटल्यावर उलट खूशच झाले, म्हणाले, घरचा आहे, उत्तम, लगेच कायम करू. (इथे अमेरिकन कुणी नाही.) शिवाय नीट विचार करता माझं असं मत झालं आहे, की खेळात कोवळ्या रक्ताला तोड नाही.

वीस तारखेला सामना आहे, महाप्याशीच. आणि पहिली चढाई माझी लावली आहे. जाफरभाईंना हे कळलं तेव्हा ते मुद्दाम घरी येऊन गेले. चष्मा काढून माझ्या पायांकडे बघत म्हणाले, ‘भिऊ नको मधूभाव, मी हलक्यानंच धरीन.’ तेव्हा सुयशला संक्रांत झाली की लगेच एस.टी.त बसवा. दुसऱ्या दिवशी किंक्रांत असते, त्या दिवशी प्रवास करत नाहीत, मला ठाऊक आहे. तरी पाठवा.