पोट भरलेला ट्रक

रत्नागिरी,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय दीपेश,

अनेक आशीर्वाद. वि. वि. लिहीत नाही, माझी विनंती, विशेष असो वा साधी, तू लहानपणापासून ऐकलेली नाहीस. शेजारच्या गंगारामचा केतन परवा तुझ्याच मस्कतला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर तू "ताई, बरी आहेस ना?" विचारतोस आणि मी "हो" म्हणेपर्यंत तुझी जेवणाची सुट्टी संपते.

मी बरी आहे. काल दूध आटवलं, सवयीने मोठ्या पातेल्यात. आज दोन्ही वेळा तेच प्यायले. शाळेत संस्कृत घेणारी मुलं यंदा एका बाकावर मावतात, त्यामुळे घसा चांगला राहिला आहे.

आता तुझा ट्रक. तू विकायला सांगितलास, लांज्याच्या राजाभाऊंना शब्द दिलास, सगळं मान्य. ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी बघायला येणार होते. मला वाटलं, दसऱ्याला शेवटची पूजा आहे, तर गाडी उपाशी नको. पण पंपावर न्यायची कशी? सुरू करायला तू शिकवलंस, चालवायला नाही. गंगारामच्या पडवीत डिझेलचा कॅन होता, तो उचलून आणला. झेंडू वाहिला, निरांजन लावलं आणि टाकीचं झाकण काढून नैवेद्य म्हणून कॅन ओतू लागले. तेवढ्यात गंगाराम मधल्या दगडी गडग्यावरून ओरडला, "बाय, ती वात आधी लांब करा! गाडीबरोबर तुमची पण पूजा व्हायची." मी निरांजन तुळशीपाशी नेलं आणि उरलेला कॅन रिकामा केला. आयुष्यभर मुलांना "स्वाहा" शिकवलं, प्रात्यक्षिक थोडक्यात हुकलं.

दुसऱ्या दिवशी राजाभाऊ आले. गाडी सुरू झाली, गडग्यापर्यंत गेली, खोकली आणि बसली. गंगारामने आता कुठे रिकामा कॅन ओळखला आणि कपाळाला हात लावला. "बाय, ता होडीचा तळाचा डिझेल. पावसाळाभर उघडा ऱ्हवलेला. इंजिनाचे भाग धुवूक ठेवलेला मी." राजाभाऊ भले गृहस्थ. "दुरुस्त झाली की कळवा" म्हणाले आणि एसटीने परत गेले.

ओमकार मेकॅनिकने टाकी उपसली, फिल्टर बदलला. काढलेलं डिझेल बाटलीत भरून मला दाखवलं: वर डिझेल, खाली पाणी. पाणी जड, म्हणून इंजिन आधी तेच पितं. वर त्याने मलाच पाठ दिला. डिझेल ज्या पंपावर रोज खपतं तिथूनच घ्यायचं, साठवलेलं घालायचं नाही, फिल्टरखालचं पाणी अधूनमधून सोडायचं. आणि टाकी भरलेली ठेवायची. समुद्राच्या हवेत रिकाम्या टाकीला आतून घाम सुटतो. रिकाम्या जागेत ओल धरते, हे मला नवीन नव्हतं. पण पाठ चांगला म्हणून मान डोलावली.

परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा मी "ओमकार अजून बघतोय" म्हटलं. ते खोटं होतं. गाडी त्याआधीच नीट झाली होती. ओमकारने ती पंपावर नेऊन टाकी काठोकाठ भरून आणली. रोज संध्याकाळी मी ती सुरू करते आणि थोडा वेळ आत बसते. तुझ्या सीटवर नाही, शेजारच्या. आवाज ऐकून गंगाराम पलीकडून विचारतो, "काय बाय, खंय निघालात?" मी म्हणते, "वाशीला, आंबे घेऊन." ऐन आश्विनात. तोही बिचारा हसतो.

राजाभाऊंना मी कळवलेलं नाही.

तू शब्द दिला आहेस, तो मी मोडणार नाही. हे वाचून "गाडी वीक" म्हणालास तर त्याच दिवशी त्यांना फोन करीन. फक्त एवढं लिही: दर वर्षी आंब्याला तू गाडीसाठी यायचास. पुढल्या वर्षी कशासाठी येशील?

किल्ली देवघरात आहे.

तुझ्या शेजारच्या सीटवरची,
ताई