आजा बसऱ्याला पोचला

३ जुलै २०११, वरसे

मांने आज पुन्हा विचारलं, "माजा बाप कसा दिसायचा गो?" मी काय सांगू! ती तीन वर्षांची असताना तो धरमतर बंदरातून गेला, इंग्रजांच्या बोटीवर कोळसा टाकायला. दुसऱ्या महायुद्धात बोट बुडाली. माझ्या भावाने, याकूबने, मुंबईला खेपा घातल्या. बुडालेल्या गोऱ्यांची नावं सापडली, आमच्या माणसांचा नुसता आकडा. फोटो नाही, कबर नाही.

आजी तर हिरव्या बांगड्यांसकट गेली. नवरा मेला असं तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती. मेलेल्यासाठी पढतात तो फातियासुद्धा त्याच्या नावाने कुणाला देऊ दिला नाही.

डॉक्टर म्हणतात, मांला आता घरीच ठेवा. कळलं काय ते.

५ जुलै

राहवलं नाही. दिलं ठोकून — उंच होता, नाक तुझ्यासारखं, साहेब ओरडला की कोकणीत शिव्या घालायचा. मां हसली. चार घास जेवलीसुद्धा.

९ जुलै

रोज थोडं थोडं सांगतेय; माझ्या गोष्टीत बोट बुडालीच नाही, आजा एडनला पोचला. पुढे कुठे नेऊ? फारुखला कुवेतला फोन केला, बसरा तिथून जवळच. बसऱ्याची गोदी कशी असते हो? नवरा कसला, दगड! म्हणे, "उकाडा. बाकी बघायला वेळ कुणाला हाय?" मग उकाडाच घेतला.

१४ जुलै

पाय सुजलेत. पाणी नको म्हणते, गोष्ट हवी.

मीच त्याच्यात गुंतलेय. साहेबाला ज्याचं नाव लिहावंसं वाटलं नाही, तो माझ्या घरात शिव्या घालत फिरतोय. बरं वाटतं. लगेच आठवतं, मरत्या आईशी खोटं बोलतेय मी. अल्ला माफ करो. पण दुसरं हातात आहे काय?

१५ जुलै

आज बसरा.

१८ जुलै

त्याला परतीच्या बोटीवर चढवत होते. मांने हात धरला. "बस झाला गो. तू रचून सांगतेस, मना पयल्या दिवसापासून ठाव हाय. त्याला घरी नको आणू. बऱ्या जागी मरू दे. मी हाय तवर फातिया देते."

मग तो कसा गेला ते तिनेच सांगितलं — बसऱ्यात, तापाने, खाटेवर. पाण्यात नाही.