सुटलं एकदाचं

१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सापडलेलं उत्तर माणूस स्वतःपाशीच का ठेवतो, असं तू त्या दिवशी विचारलंस. ते आज लिहिते.

मी बरी आहे. खोलीतला नळ गळायचा थांबला. दादाला सांग, औषध नुसतं कपाटात ठेवून खोकला जात नाही. मी फोनवर सांगितलं तसं करून भरतकामाचं मशीन काल नव्या संगणकावर चाललं हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण तू वर म्हणालीस, "शिकलेलं माणूस घरात हवं बाई." तिथे माझी मान खाली गेली. फोनवर काही बोलले असते, तर तू "जाऊ दे गं" म्हणून सोडून दिलं असतंस. म्हणून हे पत्र.

नवा संगणक मशीन ओळखेना, तेव्हा कुणाला विचारण्याआधी आपण शोधावं, पडद्यावर आलेली चूक जशीच्या तशी इंटरनेटवर टाकून बघावी, हे मीच तुला शिकवलं. "बरं, पदवीधर बाईसाहेब," म्हणालीस आणि खरंच घरचं आवरून रोज शोधत बसलीस. अख्ख्या इंटरनेटवर तुझाच प्रश्न एका ठिकाणी सापडला. विचारणाऱ्यानेच खाली लिहिलेलं: 'सुटलं एकदाचं. धन्यवाद.' बस, पुढे काही नाही.

"स्वतःचं पोट भरलं आणि दाराला कडी लावून गेला मेला," तू म्हणालीस. मी हसले.

तोवर गणवेशवाल्याने बिल्ल्यांचं काम दुसरीकडे दिलं होतं. त्याचंही तू मनावर घेतलं नाहीस. म्हणालीस, "मलाच शोधता येत नाही बहुतेक. त्याला डोकं लागतं." त्या रात्रीपासून हे वाक्य मला जेवू देत नाही.

वहिनी, तुझं शोधणं अचूक होतं. तो मेला मी आहे.

मशीन घरी आलं तेव्हा मीच जोडून दिलं होतं. तू शेजारी उभी राहून सारखा चहा विचारत होतीस. तेव्हाही हेच अडलं होतं. मी टोपणनावाने प्रश्न टाकला, तर कुणीतरी फटकारलं, आधी स्वतः शोधलं का? शोधलं होतं गं. मनाला फार लागलं. मग खटपट करून जमलं, तेव्हा कसं जमलं ते मुद्दाम लिहिलं नाही. मी झिजले, इतरांनीही झिजावं. इतर म्हणजे कोण, हे मनातच आलं नाही. आणि तू विचारलंस तोवर कसं जमलं ते मीही विसरले होते.

इथल्या एका शिंपीणबाईंकडे तसलंच मशीन आहे. पुन्हा चालू करूनच उठेन, असं माझ्याकडून कबूल करून घेऊन त्यांनी मला ते मुद्दाम बिघडवून पुन्हा जोडू दिलं. तिथे कळलं की आधी संगणकावर मशीनचा प्रोग्राम घालायचा आणि केबल सगळ्यात शेवटी लावायची. एवढंच. एवढ्यासाठी तुझं काम गेलं.

काल तुझा फोन ठेवल्यावर ते सगळं त्या जुन्या प्रश्नाखाली लिहिलं, फोटोंसकट, टोपणनाव काढून माझ्या खऱ्या नावाने. माझ्या ऑफिसातले सगळे तिथे येतात, वाचतील. पहिली ओळ अशी आहे: 'हे उत्तर मला माहीत होतं आणि मी दिलं नाही. माझ्या वहिनीने बरोबर शोधलं होतं.'

कडी काढली आहे.

तुझी,
अजून म्हणशील तर,
नणंद